शेतकी कॉलेजच्या लेकराला सायकल पुरत नाही का?



एरवी या पानावर मी लागण, खोडवा, हुमणी आणि पाचट यांबद्दलच लिहितो. या वेळचा विषय जरा बांधापलीकडचा आहे. पण तो तुमच्या उसाच्या बिलाशी जोडलेला आहे, म्हणून चार ओळी लिहितो. मत माझे स्वतःचे आहे, कारखान्याचे धोरण समजू नये.

गेल्या पावसाळ्यात एक सभासद गट कार्यालयात आले. वयाने माझ्यापेक्षा मोठे, मी त्यांना आण्णा म्हणतो. उसाची नोंद झाली, सही झाली, तरी उठेनात. शेवटी हळूच म्हणाले, "साहेब, बिलापोटी काही उचल मिळंल का?"

मला वाटलं खतासाठी मागतात. तसं विचारलंही.

"खताला नाही. लेकराचा परभणीला शेतकी कॉलेजात नंबर लागलाय. ते गाडीसाठी अडून बसलंय. म्हणतंय, कॉलेजचं रान लई मोठं, पायी होत नाही."

"आण्णा, रान मोठं आहे हे खरं. मग सायकल का नाही?"

आण्णा हसले. "सायकलीवर आता कोण बसतंय साहेब? लोक नावं ठेवतील."

ते गेले, पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. आज आपल्या कितीतरी सभासदांची मुलं कॉलेजात आहेत. तेव्हा एकदा शांतपणे हिशोब मांडू.

प्रथम त्या लेकराची बाजू घेतो. परभणीचे कृषी विद्यापीठ काही एका इमारतीचे कॉलेज नव्हे. मराठवाड्याने आंदोलन करून मिळवलेले हे विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी सुरू झाले. कृषी महाविद्यालय तर त्याच्याही आधीचे, १९५६ चे. २०१३ पासून विद्यापीठाला वसंतराव नाईकांचे नाव आहे. दरवर्षी १८ मेच्या खरीप मेळाव्याला आपण बियाणे आणायला जातो, तेव्हा मांडवापासून पार्किंगपर्यंत येता येता किती दमतो ते आठवा. कृषी, अभियांत्रिकी, अन्नतंत्र, पशुवैद्यक अशा इमारती वेगवेगळ्या, वसतिगृहे वेगळी, आणि प्रक्षेत्रे तर त्याहून लांब. शेतकीचा विद्यार्थी नुसता बाकावर बसून शिकत नाही. त्याला सकाळी प्लॉटवर जायचे, मग वर्गात, दुपारी प्रयोगशाळेत. त्यामुळे "पायी होत नाही" हे त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

आता वेळेचा हिशोब. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो. अर्धा किलोमीटर जायला सहा मिनिटे, त्यासाठी कोणतेच वाहन नको, पायच बरे. पण दोन किलोमीटर जायला चोवीस-पंचवीस मिनिटे लागतात. सायकलीवर हेच अंतर आठ ते दहा मिनिटांत कटते. दिवसात अशा चार खेपा झाल्या, तर चालणाऱ्याचा पावणेदोन तासांच्या आसपास वेळ रस्त्यात जातो, सायकलवाल्याचा फार तर चाळीस मिनिटे. म्हणजे रोज एक तास वाचला. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात रोजचा एक तास म्हणजे थोडी गोष्ट नाही.

मोटारसायकलीवर ते अंतर चार मिनिटांत होईल, हेही मान्य. म्हणजे सायकलीपेक्षा प्रत्येक खेपेला चार-पाच मिनिटे जादा वाचली. त्या चार-पाच मिनिटांची किंमत काय, ते बघू.

साधी मोटारसायकल रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या घरात जाते. चांगली साधी सायकल सहा-सात हजारांत येते. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. तोडणी-वाहतूक वजा न करता धरले, तरी सायकल म्हणजे दोन टन ऊस आणि मोटारसायकल म्हणजे अठ्ठावीस टन. आपल्याकडे पुष्कळ खोडव्यांचा उतारा एकरी तीस टनांच्या पुढे जात नाही. म्हणजे एक एकर उसाचे वर्षभराचे पाणी, खत, मजुरी आणि आपला घाम त्या दोन चाकांत गेला. वर पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग दर महिन्याला चालूच. सायकलीला महिन्याकाठी थोडे तेल आणि अधूनमधून पंक्चर.

कायद्याची बाजूही सांगतो. पहिल्या वर्षाला येणारे पुष्कळ लेकरू सतरा वर्षांचे असते. गिअरच्या गाडीचा परवाना अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायदा कडक झाला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'पोरगं हुशार आहे, हळू चालवतं' हे कोर्टात चालत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या पुतण्याला त्याच्या वडिलांनी अशीच हट्टापायी गाडी घेऊन दिली. पहिल्याच पावसात ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेल्या चिखलावरून घसरला. पायात सळई बसली, एक सत्र वाया गेले. जीव वाचला हे नशीब. दवाखान्याच्या बाकावर माझा भाऊ एकच वाक्य बोलत होता, "मी त्याला नाही म्हणायला पाहिजे होतं."

आता सायकलीवरच्या हरकती. त्या मला ठाऊक आहेत, कारण पदविका झाल्यावर हंगामी नोकरीत मी ऊस नोंदी सायकलीवरच केल्या. वडिलांनी जुनी ॲटलस घेऊन दिली होती. काळ्या जमिनीत पाऊस पडला की मडगार्डात चिखल असा गच्च बसायचा की सायकल माझ्यावर आणि मी पायी. बाभळीच्या काट्याने आठवड्याला एक पंक्चर ठरलेले. एप्रिल-मेच्या उन्हात सीटला हात लावता येत नसे. हे सगळे खरे. पण कॉलेजच्या आवारातले मुख्य रस्ते डांबरी असतात, आपल्या पाणंदीसारखे नसतात. उन्हाचे म्हणाल, तर मोटारसायकलीवर काही छप्पर नसते. राहिली चोरी. वसतिगृहाबाहेर उघड्यावर उभी केलेली सायकल रात्रीतून जाते, हा अनुभव अनेकांचा आहे. त्याला उपाय म्हणजे पत्र्याची शेड, नंबर घातलेले स्टँड आणि हवा भरायचा पंप. मोटारसायकलींना पार्किंग करून देणाऱ्या कोणत्याही कॉलेजला हे जड नाही. पालकांनी मागितले पाहिजे.

म्हणून माझे मत असे, की जमीन पाहून जात निवडावी तसे अंतर पाहून वाहन निवडावे. वसतिगृहात राहतो आणि वर्ग समोरच आहेत, त्याला पाय पुरे. वसतिगृह एकीकडे आणि प्रक्षेत्र दुसरीकडे, किंवा शहरात खोली केली आहे, त्याला सायकल हवीच, ती चैन नव्हे. गावाहून पंधरा-वीस किलोमीटर रोज ये-जा करतो, त्याला एसटी. विद्यार्थ्याला पासासाठी भाड्याच्या एकतृतीयांशच रक्कम भरावी लागते. मोटारसायकलीची खरी गरज असलेला विद्यार्थी यात मला क्वचितच सापडतो.

आता जरा नाजूक मुद्दा. मानव विकास कार्यक्रमातील तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सरकार सायकलीसाठी पैसे देते. एसटीचा पासही बारावीपर्यंत मुलींना मोफत आहे. त्यामुळे आपल्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवरच्या लेकी बारावीपर्यंत पोहोचल्या. पण बारावी झाली की काय होते? लेक घरी बसते आणि तिची सायकल गोठ्यात जाते. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅनी लागतात. २०२४-२५ पासून ठरावीक प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना शेतकीसारख्या व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. म्हणजे फीची अडचण पुष्कळ घरांत सुटली. उरतो तो राहण्या-खाण्याचा आणि जाण्या-येण्याचा खर्च. आणि नेमका तिथेच आपला हात आखडतो.

आण्णा दुसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांना हेच विचारलं. त्यांची मुलगी बारावीला आहे. तिलाही शेतकीलाच जायचंय, भावापेक्षा गुण जास्त आहेत.

"आण्णा, यंदा पोराला अठ्ठावीस टन दिलं, तर पुढच्या साली पोरीच्या मेसला किती टन उरतील?"

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिचं अजून काही ठरलं नाही."

सभासद बंधूंनो, तिचं काही ठरत नाही ते असं. कुणी तिला नको म्हणत नाही. पैसा आधी दुसरीकडे गेलेला असतो एवढंच.

आता आपल्या कारखान्यासाठी एक सूचना. डिसेंबर २०१७ मध्ये पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली ठेवल्या होत्या. मोबाईलवर कुलूप उघडायचे, वापरायची, सोडून द्यायची. कल्पना चांगली होती, पण मोडतोड आणि नासधूस इतकी झाली की योजना टिकली नाही. सगळ्यांची वस्तू ती कुणाचीच नसते. आपल्याकडे मात्र एक जुनी, अनुभवाची पद्धत आहे. बेणे मळ्यातून आपण शुद्ध बेणे उधारीवर देतो आणि बिलातून वळते करतो. घेणाऱ्याचे नाव रजिस्टरला असते, म्हणून तो जपतो. तसेच सायकलीचे करता येईल. कॉलेजात जाणाऱ्या सभासदाच्या पाल्याला एक सायकल नावावर द्यावी, अर्ज करणाऱ्यांत मुलींना आधी. शिक्षण संपले की दुरुस्त करून परत आणावी, ती पुढच्याला. हरवली तर रक्कम बिलातून वळती. पहिल्या वर्षी पंचवीस सायकली घेतल्या, तरी पावणेदोन लाखांच्या आसपास खर्च येतो, म्हणजे दोन मोटारसायकलींपेक्षाही कमी. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कुणी सभासदाने हा विषय मांडावा. मी नोकर माणूस, मला ठराव मांडता येत नाही, पण रजिस्टर मात्र आनंदाने सांभाळीन.

तोपर्यंत घरचे एक काम करा. गोठ्यात अडकवलेली लेकीची सायकल खाली काढा, कॅनी सोडवा, ट्यूब बदला, तेल घाला. कॉलेज लांब असेल तर टपावर टाकून पोचवा. लोक हसतील म्हणाल, तर ठिबक बसवले तेव्हाही लोक हसलेच होते. ज्यांनी मनावर घेतले नाही, त्यांचा ऊस आज उभा आहे.

आण्णांची उचल अजून मंजूर झालेली नाही. त्यांनी अर्ज परत नेलाय, म्हणाले, घरी बोलून सांगतो. मी वाट बघतोय.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी