कथालेखनाचे तंत्र : एका टाकून दिलेल्या शब्दाची बाजू

मराठी समीक्षेत 'तंत्र' हा शब्द गेली कित्येक दशके काहीशा अवज्ञेनेच उच्चारला जात आहे. एखादी कथा 'तंत्रनिष्ठ' आहे असे म्हटले की तिच्यात जिवंतपणा नाही हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. अनुभूती, जाणीव, आशयसूत्र, बांधिलकी या शब्दांना प्रतिष्ठा लाभली आणि तंत्राची रवानगी होतकरू लेखकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांत झाली. या वाटणीमुळे समीक्षेचे फारसे बिघडले नाही. नुकसान झाले ते लिहू पाहणाऱ्याचे. कथा कशी असावी हे त्याला अनेकजण सांगतात. ती कशी लिहावी, कोठे सुरू करावी, कोणाच्या तोंडून सांगावी, काय गाळावे, हे सांगणारा मात्र त्याला क्वचितच भेटतो.

या अवज्ञेला कारण होते, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. ना. सी. फडके यांचे 'प्रतिभासाधन' १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. कथा-कादंबरीची रचना ही शिकता येण्याजोगी विद्या आहे, असे आत्मविश्वासाने सांगणारे आणि पिढ्यांच्या हाती पडलेले ते मराठीतील पुस्तक. चटकदार प्रारंभ, गुंतागुंत, वाढत जाणारी उत्कंठा, कळस आणि सफाईदार शेवट ही त्यांनी घालून दिलेली वाट अनेकांनी चोखाळली. अडचण अशी झाली की, विशिष्ट प्रकारची कथा लिहिण्याचे नियम हे कथामात्राचे नियम आहेत असा समज रूढ झाला. ज्या जीवनात कळस नसतो, ज्या दुःखाला सफाईदार शेवट नसतो, त्याला या आराखड्यात जागा उरली नाही. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी ही चौकट मोडली, ती या कोंडीमुळेच.

परंतु चौकट मोडली म्हणजे तंत्र सोडले, असा जो निष्कर्ष पुढे काढला गेला तो चुकीचा होता. नवकथाकारांनी घटनेऐवजी मनोव्यापाराला मध्यवर्ती स्थान दिले, काळाचा सरळ क्रम सोडला, प्रतिमांकडून निवेदनाचे काम करून घेतले. हे सारे तंत्रच आहे. किंबहुना फडक्यांच्या तंत्रापेक्षा ते अधिक अवघड आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ने (१९६३) रेखीव रचनेलाच नकार दिला असे मानले जाते. तथापि पांडुरंग सांगवीकराच्या बोलण्यात वारंवार येणारे 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे दोन शब्द पाहावेत. कोणतेही विधान पूर्ण गांभीर्याने पुरे करण्यास नकार देणारा एक तरुण या शब्दांतून उभा राहतो. मोठमोठ्या शब्दांवरचा त्याचा अविश्वास लेखकाला स्वतंत्रपणे सांगावा लागत नाही. जेथे तंत्र दिसत नाही तेथे ते नसते, असे समजणे ही वाचकाची मुभा आहे. अभ्यासकाला ती घेता येत नाही.

मग मराठीत ही विद्या प्रत्यक्षात शिकवली कोणी? विद्यापीठांनी नव्हे. तेथे कादंबरीचा इतिहास, प्रवाह आणि प्रकार शिकवले गेले. लेखनाची शाळा चालली ती संपादकांच्या टेबलावर. 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांच्या हस्तलिखितांवर घेतलेली मेहनत आता वाङ्मयेतिहासाचा भाग झाली आहे. एखादा परिच्छेद का सैल पडतो, एखादे पात्र का अनावश्यक आहे, शेवट कोठे व्हायला हवा होता, याची चर्चा पत्रांतून होई. गावाकडच्या वा परप्रांतातल्या अनोळखी लेखकालाही या शाळेत टपालाने प्रवेश मिळे. तिच्या मर्यादाही उघड होत्या. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी 'सत्यकथे'ची होळी केली, तिच्यामागे एका वर्गाची अभिरुची हीच साहित्याची कसोटी बनल्याचा रोष होता. दलित लेखकांना 'अस्मितादर्श'सारखे स्वतःचे व्यासपीठ उभारावे लागले, यात त्या अभिरुचीच्या सीमा स्पष्ट दिसतात. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद पडले. तिच्याविरुद्धचे बंड न्याय्य होते असे मानले, तरी तिने केलेले एक काम तिच्यानंतर तितक्या सातत्याने कोणी केले नाही, हेही तितकेच खरे आहे.

लेखन शिकवता येत नाही, हा आक्षेप येथे अपेक्षित आहे. औपचारिक शालेय शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी 'फकिरा' (१९५९) लिहिली, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पण अण्णाभाऊ अशिक्षित होते असे म्हणणे म्हणजे शाळेबाहेरचे शिक्षण नाकारणे होय. पोवाडा आणि लोकनाट्य यांच्या परंपरेत ते मुरलेले होते. श्रोत्यांना जागेवर खिळवून कसे ठेवावे, वीराचा प्रवेश कधी व्हावा, प्रसंगाला वेग कोठे द्यावा, याचे शिक्षण त्यांनी फडावर घेतले. प्रतिभा शिकवता येत नाही हे खरे. पण गवयाला गळा उपजत असतो म्हणून रियाज अनावश्यक ठरत नाही.

हा रियाज कोणता, याचा विचार चार मुद्द्यांच्या आधारे करता येईल. त्यासाठी परभाषेतील मार्गदर्शिकांकडे जाण्याची आवश्यकता नाही; मराठी कादंबरीच पुरेशी आहे.

पहिला मुद्दा निवेदकाचा. 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध केली. तिचे निवेदन यमूकडे आहे. हीच हकिगत एखाद्या सुधारकाच्या तोंडून आली असती तर केशवपनाविरुद्धचे एक उत्तम व्याख्यान झाले असते. यमू आपल्यावरच्या अन्यायाला नेहमीच अन्याय म्हणत नाही. घरात जे घडते ते सांगत जाते, आणि निष्कर्ष वाचकाच्या माथी येतो. 'बनगरवाडी'त (१९५५) हीच निवड निराळ्या रीतीने सिद्ध होते. धनगरांच्या वस्तीत नेमणुकीवर आलेला तरुण मास्तर परका आहे, म्हणून त्याला जे हळूहळू कळते तेच वाचकालाही त्याच गतीने कळते. गावाची माहिती देणारा स्वतंत्र परिच्छेद लेखकाला लिहावा लागत नाही. लेखनास बसण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न असा : ही हकिगत कोणाला ठाऊक आहे, आणि त्याला काय ठाऊक नाही? प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे. सर्वज्ञ निवेदक नवख्या लेखकाला सोयीचा वाटतो, पण सारे जाणणाऱ्याला काय लपवावे हे प्रत्येक पानावर ठरवावे लागते, आणि तेथेच तो घसरतो.

दुसरा मुद्दा तपशिलाचा. प्रेमचंदांची 'कफन' ही कथा प्रथम उर्दूत, दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाच्या मासिकात १९३५ मध्ये आली. झोपडीत सून प्रसूतिवेदनांनी तळमळत आहे. बाहेर शेकोटीशी बाप आणि मुलगा बटाटे भाजत बसले आहेत. आत जाऊन तिला पाहण्यास मुलगा तयार नाही, कारण तो उठला तर बटाट्यांचा मोठा वाटा बाप फस्त करील. भुकेने माणूसपण कसे झिजते याविषयी पानभर चिंतन लिहूनही हा परिणाम साधला नसता. तपशील म्हणजे वर्णनाची भरताड नव्हे. मोठ्या निर्णयाचे वजन ज्याला पेलता येते अशी लहान वस्तू शोधणे, हे तपशिलाचे काम. ती वस्तू सापडेपर्यंत प्रसंग लिहिण्याची घाई करू नये, हा व्यवहार्य सल्ला होय.

तिसरा मुद्दा भाषेचा. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) पात्रे वऱ्हाडी बोलतात. कौतिकचा जिद्दी स्वभाव त्या बोलीच्या वाक्यरचनेतून, तिच्या खोचक वळणांतून प्रकटतो. बोली वापरणारे पुष्कळ लेखक प्रमाण भाषेतील वाक्य लिहून त्यातील उच्चार तेवढे बदलतात. 'ण'चा 'न' केला की ग्रामीण संवाद तयार झाला, असा त्यांचा समज असतो. बोली ही विचाराची चाल आहे. कोण कोणाला कोणत्या नात्याने हाक मारते, राग आला की काय बोलले जाते आणि काय गिळले जाते, हे ठाऊक नसेल तर बोलीच्या वाटेला न जाणे हेच प्रामाणिक.

दिल्ली परिसरातील मराठी लेखकापुढे हा प्रश्न अधिक बिकट रूपात उभा राहतो. करोलबाग किंवा पहाडगंज येथील मराठी कुटुंबाचे चित्रण करावयाचे तर घरातले बोलणे मराठीत आणि जिन्यावरचे हिंदी-पंजाबीत, अशी स्थिती असते. सगळे संवाद मूळ भाषेत ठेवले तर मराठी कथा अर्धी हिंदी होते. सगळे प्रमाण मराठीत आणले तर शेजारचा पंजाबी गृहस्थ सदाशिव पेठेतला वाटू लागतो. या पेचाचे एक उत्तर विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) मिळते. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांचे संभाषण मराठीत होणे अशक्यच. तरी कादंबरीत ते साध्या, सरळ मराठीत येते, आणि हॅर्टाचे परकेपण क्षणभरही पुसले जात नाही. कारण ते तिच्या परिस्थितीत आहे, भीतीत आहे, कोणत्याही बंदरावर उतरण्याचा हक्क नसण्यात आहे. परभाषिक पात्राची भाषा मराठीत आणताना त्याचे व्याकरण मोडण्यापेक्षा त्याचे जग अचूक ठेवावे, हा धडा दिल्लीच्या लेखकाला कोणत्याही परदेशी पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

चौथा मुद्दा आराखड्याचा आणि काटछाटीचा. हरिभाऊंच्या कित्येक कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या, हे नियतकालिकाच्या मागणीप्रमाणे प्रकरण लिहीत जाण्याच्या पद्धतीचे मोल होते. संपूर्ण आराखडा आधी आखावाच असा नियम करता येत नाही. पण लेखनाचा मुक्काम कोणता, याची अंधुक तरी कल्पना असावी. उलट, पहिला खर्डा पुरा झाल्यावर निर्दयतेने वाचावे. 'बनगरवाडी' आकाराने लहान आहे, आणि दुष्काळाने उठलेली वस्ती वाचकाच्या मनात मोठी होते ती या लहानपणामुळे. लेखकाला अतिशय आवडलेले वाक्य बहुधा त्याने स्वतःसाठी लिहिलेले असते. ते काढून टाकल्याने प्रसंग कोसळत नसेल तर ते काढावे.

हे सारे शिकवावयाचे कोठे, हा प्रश्न उरतो. १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर सत्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ते येथे पुन्हा भरले. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हे सन्मान स्वागतार्ह आहेत. पण दर्जा भूतकाळाला मिळतो, आणि भाषा चालते ती उद्या लिहिल्या जाणाऱ्या पानांवर. सर्जनशील लेखनाचे जे अभ्यासक्रम विद्यापीठांतून सुरू झाले त्यांत इंग्रजीचे प्राबल्य आहे. परिणामी मराठी तरुण निवेदनाविषयी जे शिकतो ते परकीय उदाहरणांवरून शिकतो आणि यमू किंवा मास्तर यांना केवळ परीक्षेपुरता ओळखतो.

भारतीय भाषांच्या विभागांना येथे एक काम करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी नवा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही. कादंबरीच्या तासाला निबंधाबरोबर एक स्वाध्याय द्यावा : 'बनगरवाडी'तील एक प्रसंग कारभाऱ्याच्या दृष्टीने लिहून पाहणे, 'धग'मधील एक संवाद प्रमाण मराठीत आणून त्यात काय हरवले ते नोंदवणे, शेजारच्या वर्गातील बंगाली वा तमिळ विद्यार्थ्याच्या मदतीने त्याच्या भाषेतील एक कथा मराठीत आणणे आणि प्रत्येक वाक्यापाशी अडणे. यातून सारेच लेखक होणार नाहीत. परंतु जो विद्यार्थी एकदा निवेदक बदलून पाहतो, त्याला मूळ लेखकाने काय निवडले आणि काय नाकारले हे कळते; आणि असे कळणे म्हणजेच समीक्षा. तंत्राचा अभ्यास समीक्षेला हीन आणतो ही भीती त्यामुळे निराधार ठरते.

फडक्यांची चूक तंत्र शिकवण्यात नव्हती. एकच तंत्र शिकवण्यात होती. तिचे परिमार्जन तंत्राविषयी मौन पाळून होत नाही. त्यासाठी अनेक तंत्रे उघडी करून दाखवावी लागतील : यमूचे, सांगवीकराचे, कौतिकचे आणि फडावर घडलेल्या फकिराचेही. ही ओळख ज्याला घरात मिळत नाही तो ती बाहेरून उसनी आणतो, आणि उसन्या मापाने बेतलेला अंगरखा कोठे ना कोठे काचतोच.