जोडीदार कणांच्या शोधात

जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला, तेव्हा आता पाळी सुपरसिमेट्रीची, असं अनेकांना वाटत होतं. प्रत्येक मूलकणाला एक जोडीदार असावा, ही ती कल्पना. हिग्जचं वस्तुमान इतकं कमी का, याचं तिच्याकडे देखणं उत्तर आहे. कृष्णद्रव्यासाठी एक उमेदवारही आहे. पण जोडीदार दिसले नाहीत. ग्लुऑन या कणाचा जोडीदार ग्लुइनो असलाच, तर सोप्या प्रारूपांनुसार तो दोन टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टहून जड असायला हवा.

मग ही कल्पना मोडीत काढायची? आम्हाला ती घाई वाटते. हिग्जचे जोडीदार, म्हणजे हिग्जिनो, कोलायडरमधल्या प्रोटॉनांच्या टकरींत क्वचितच निर्माण होतील. शिवाय त्यांची वस्तुमानं एकमेकांच्या फार जवळ असली, तर विघटनातून निघणारे कण इतक्या कमी ऊर्जेचे असतील की ते शोधकयंत्राच्या हातून सहज निसटतील. त्यांच्या वस्तुमानाची खालची मर्यादा अजून २०० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच आहे. २०३० च्या सुमारास सुरू होणाऱ्या कोलायडरच्या नियोजित टप्प्यात टकरींची संख्या अनेक पटींनी वाढेल, आणि हिग्जिनोंच्या शोधाची खरी कसोटी तेव्हाच लागेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) संशोधक या कोलायडरवरच्या सीएमएस प्रयोगात आहेत, याचं आम्हाला विशेष अगत्य. या अंकातले लेख हिग्जिनोंच्या याच अवघड कोपऱ्याविषयी आहेत.