सही आणि तिच्यावरचा मजकूर

थोरामोठ्यांच्या स्वाक्षऱ्या जमविण्याचा नाद आपल्या सुशिक्षित घरांत नवा नाहीं. परंतु हातीं आलेली सही खरी कशावरून समजावी, आणि खरी ठरल्यावरही ती कितपत जतन करण्याजोगी आहे, या दोन प्रश्नांचा विचार फारच थोडे करितात. आमच्या मतें हे दोन प्रश्न मुळांत एकच होत.

परभणी जिल्ह्यांतील एखाद्या घरीं जुन्या पेटींत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या सहीचें पत्र निघालें, असें समजूं. हैदराबाद संस्थानांतील मुक्तिसंग्रामाचे ते नेते. तेव्हां घरच्या मंडळींस अभिमान वाटणारच. तथापि प्रथम तारीख पाहावी. संन्यास घेण्यापूर्वीं स्वामीजींचें नांव व्यंकटेश खेडगीकर होतें. १९२० सालच्या पत्राखालीं ‘रामानंद तीर्थ’ अशी सही आढळल्यास पुढें चौकशी करण्याचें कारणच उरत नाहीं. मग शाई पाहावी. बॉलपेनचा प्रसार १९४५ नंतरचा. लोकमान्य टिळक १९२० सालींच निवर्तले. त्यांची बॉलपेनची सही कोणी दाखविली तर तिचें काय करावें, हें सांगणें नकोच! शेवटीं भिंगाखालीं रेघ पाहावी. स्वतःची सही करणाराचा हात सहज धांवतो. नक्कल करणाराचा मध्येंच थबकतो, कांपतो. दोन सह्या तंतोतंत जुळल्या, तर एक दुसरीवरून गिरविलेली असावी, किंवा दोन्ही ठशाच्या असाव्यात.

मात्र वळण निराळें दिसलें एवढ्यावरून सही खोटी ठरवूं नये. १९०९ सालीं ‘हिंद स्वराज्य’ लिहितांना गांधीजींचा उजवा हात थकला, तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें लिहिलें. पुढें हेच गांधीजी हरिजन निधीसाठीं प्रत्येक सहीचे पांच रुपये घेत. सही मागणारास कार्याशीं जोडून घेण्याची ती रीत होती.

आतां कित्येक हौशी संग्राहक करितात काय, तर पत्राखालची सही कात्रीनें कापून वहींत चिकटवितात आणि पत्र टाकून देतात! तारीख गेली, कागद गेला, पत्र कोणास व कशासाठीं लिहिलें तेंही गेलें. सहीचा खरेपणा ज्यावरून ठरावयाचा तें सर्व कात्रींत गेलें. आणि ती हवीशी वाटावी असें जें तींत होतें, तेंही त्याबरोबरच गेलें.

गंगाखेडच्या जनाबाईंच्या हातची सही कोणीं पाहिली आहे? अभंगाच्या शेवटीं येणारी नाममुद्रा हीच त्यांची सही. आणि ती लोकांच्या ओठीं राहिली ती अभंगासकट.

म्हणून वाचकभगिनींस व बंधूंस आमचें सांगणें इतकेंच, कीं घरांत असें पत्र असल्यास त्यास कात्री लावूं नये. तें कोणास, कोणत्या निमित्तानें आलें, हें वडील मंडळींस विचारून निराळ्या कागदावर लिहावें व पत्रासोबत ठेवावें. हें सांगणारें माणूस आज घरांत आहे. उद्यां असेलच असें नाहीं.