ताकदीचा सर्व्हो घेताय? आधी त्याच्या विजेचं बघा

रिमोटच्या गाडीचा स्टीअरिंग सर्व्हो बदलायचं मनात आहे? जरूर बदला. गाडीबरोबर येणारा सर्व्हो बहुतेकदा जेमतेमच असतो. मोठी चाकं लावली, गाडी दगडांवर चढवली, की तो हात टेकतो. पण वीस-पंचवीस किलो ताकदीचा सर्व्हो मागवण्याआधी त्याला वीज कुठून मिळणार, ते पाहून घ्या.

मोटर चालवणारा जो डबा असतो, ईएससी, त्याच्याच पोटात बीईसी नावाचा छोटा भाग असतो. तो बॅटरीचे व्होल्ट उतरवून रिसीव्हरला आणि तिथून सर्व्होला देतो. साध्या गाड्यांत हा बहुधा 5-6 व्होल्टचा आणि दोन-तीन अँपिअरचा असतो. मूळच्या सर्व्होला तेवढं पुरतं. ताकदीचा सर्व्हो मात्र चाक अडकलं की एकटाच तीन-चार अँपिअर ओढू शकतो. जुन्या एक्स्टेंशन बोर्डावर गीझर लावण्यातलाच हा प्रकार.

मग व्होल्ट खाली बसतात. रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. वळताना गाडी अडखळते, रिसीव्हरचा दिवा लुकलुकतो. तुम्ही रिमोटला दोष देता, नवा रिसीव्हर आणता, आणि दुखणं तसंच राहतं. रिसीव्हर बंद पडतो त्या क्षणी भरधाव गाडी तुमचं ऐकत नसते. समोर कुणाचं लहान मूल असू शकतं, हे विसरू नका.

आधी फुकटचं काम करा. चाकं पूर्ण वळवा आणि कान द्या. सर्व्हो गुणगुणत राहिला, तर तो शेवटाला जाऊन ढकलत बसलाय. रिमोटवरून वळण थोडं कमी करा. निम्मी तक्रार कधी कधी इथेच मिटते.

नाही मिटली, तर वेगळा बीईसी घ्या. सर्व्हो अडकल्यावर किती अँपिअर ओढतो, ते त्याच्या माहितीत दिलेलं असतं. त्याहून मोठाच घ्या. रिसीव्हरला कपॅसिटर लावा, असं कुणी सांगेल. तो क्षणाचा झटका सोसतो, पण कमी पडणारी वीज वाढत नाही.

व्होल्टच्या बाबतीत मात्र अंदाज नको. टू-एस, म्हणजे दोन सेलच्या, लिपो बॅटरीवर 7.4 लिहिलेलं असतं, पण पूर्ण भरल्यावर ती 8.4 व्होल्ट देते. 6 व्होल्टचा सर्व्हो थेट तिच्यावर जोडला, तर पैसे गेलेच समजा. बीईसी आधी 6 वर लावा, मल्टिमीटरने मोजा, मगच सर्व्हो जोडा. सर्व्हो जास्त व्होल्टचा असला, तरी रिसीव्हरला आणि त्यावर लावलेल्या दिव्यांना ते व्होल्ट झेपतात का, तेही पाहा.

आता जोडणी. बीईसीच्या जाड तारा बॅटरीच्या जोडाला, ईएससीच्या तारांबरोबरच. लाल लालला, काळी काळीला. एकदा चुकलात तर बीईसी जळतो. त्याचा बारीक प्लग रिसीव्हरच्या बॅटरीच्या किंवा रिकाम्या खाचेत घाला.

आणि ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या प्लगमधली मधली लाल तार काढा, म्हणजे दोन बीईसी एकमेकांशी भांडणार नाहीत. तार कापू नका. प्लगवरची प्लॅस्टिकची जीभ सुईने अलगद उचला, पिन सरकून बाहेर येईल. तिच्यावर टेप गुंडाळा. उद्या परत बसवता येईल. काळी तार तशीच राहू द्या.

गाडी एखाद्या डब्यावर ठेवा, चाकं अधांतरी. रिमोट आधी चालू करा, मग गाडी. स्टीअरिंग डावी-उजवीकडे भराभर फिरवा, थोडा थ्रॉटलही द्या. काही अडखळलं नाही, तर खाली उतरवा.

घरी आल्यावर बॅटरी सोडवून ठेवा. हा नवा बीईसी थेट बॅटरीवर असतो. गाडीच्या बटणाने तो बंद होत नाही. रात्रभर जोडलेला राहिला, तर लिपो हळूहळू रिकामी होत जाते, आणि दर सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की ती बॅटरी बहुधा कामातून जाते.