चार्जर हायवेवर, गाव आडवाटेला

इलेक्ट्रिक गाडी घेऊन तीन वर्षं होत आली, तरी स्टाफरूममध्ये प्रश्न अजून तोच येतो: "मॅडम, गावाला कशी नेता?" पुण्यात कशी चालते, हे कुणी विचारत नाही. कोंढवा ते शाळा आणि शाळा ते कॅम्प, यात विचारण्यासारखं काही नाहीच. गाडीची परीक्षा सासरी जाताना होते. माझं सासर उदगीरला, पुण्याहून साधारण चारशे किलोमीटर. ईदला, लग्नाला, आजारपणाला, मयतीला तिथे जावंच लागतं, आणि यातल्या शेवटच्या दोन गोष्टी तारीख सांगून येत नाहीत.

माझं उत्तर सरळ आहे: जाता येतं. पण जिला आपण चार्जिंगची अडचण म्हणतो, ती सगळे किलोमीटरमध्ये मोजतात. सरकार मोजतं, गाडी विकणारे मोजतात. मला रस्त्यावर जी अडचण येते ती भरवशाची आहे.

आधी हिशेब सांगते, कारण तो न करताच लोक घाबरतात, किंवा न करताच निघतात. माझी गाडी जुन्या पिढीची, तीस युनिटच्या बॅटरीची. कागदावर ती तीनशे किलोमीटरच्या वर जाते. हे आकडे ज्या चाचणीतून येतात ती करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आपल्याच पुण्यात पौड रोडजवळच्या टेकडीवर आहे. तिथे गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या चक्रात चालवतात. त्या चक्रात मार्च महिन्यातलं सोलापूर रोडचं ऊन नसतं, पाच माणसं नसतात आणि डिकीत सासूबाईंसाठी घेतलेलं सामान नसतं. ताशी ऐंशीच्या वेगाने, एसी लावून, माझी गाडी दोनशे जाते. तळाचे वीस टक्के मी हिशेबातच धरत नाही. म्हणजे उरले एकशेसाठ. फास्ट चार्जरवर ऐंशी टक्क्यांपर्यंत बॅटरी झपाट्याने भरते, पुढचे वीस टक्के मुंगीच्या पावलांनी. म्हणून वाटेत ऐंशीला केबल काढून निघायचं. पहिला थांबा इंदापूर, तिथून टेंभुर्णीवरून बार्शी, मग लातूर, मग घर.

बहिणीचं सासर म्हसळ्याला आहे, तिथला हिशेब वेगळा. ताम्हिणी उतरताना पाय ब्रेकवर न ठेवताही गाडी स्वतःला रोखते आणि थोडी वीज बॅटरीत परत जमा करते. माणगावला पोहोचलं की वाटतं, किती कमी खर्च झाला! येताना मात्र तोच घाट वसुली करतो. आमच्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर मांडून दाखवलं: माणसांसकट गाडी दोन टनांची धरली तर समुद्रसपाटीपासून पुण्याच्या उंचीवर, म्हणजे साडेपाचशे मीटर चढायला, नुसत्या उंचीपोटी तीन युनिट लागतात. वाया जाणारी वीज धरली तर साडेतीन-चार. तीस युनिटच्या गाडीला हा मोठा घास आहे. तेव्हा कोकणातून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी, जाताना एवढी काळजी नको. पेट्रोलच्या गाडीत हा विचार कधी करावा लागला नव्हता.

इथपर्यंतचं सगळं गणित आहे, आणि गणित जमतं. पुढचं जमवणं आपल्या हातात नसतं. गेल्या रमजानमध्ये आम्ही उदगीरला निघालो. इंदापूरला ऐंशी टक्के करून बार्शीला पोहोचलो तेव्हा पस्तीस उरले होते. ॲपवर चार्जर हिरवा, प्रत्यक्षात पडदा काळा. हॉटेलवाला म्हणाला, "पंधरा दिवस झाले, कुणी आलंच नाही बघायला." मी आधीच धाराशिवचा चार्जर दुसरा पर्याय म्हणून धरला होता आणि सकाळी तिथे फोन करून तो चालू असल्याचं विचारून घेतलं होतं. चाळीस-एक किलोमीटर एसी बंद करून गेलो, पंधरा टक्क्यांवर पोहोचलो. पुढे एक गाडी लागलेली होती. इफ्तार तिथेच झाला, खजूर आणि हॉटेलची भजी. रात्री दहाला घरी पोहोचल्यावर पुतण्याने विचारलं, "चाची, गाडी का बी रोजा था क्या?"

म्हणून माझा नियम: प्रत्येक थांब्यावर एवढी बॅटरी हाताशी हवी की तो चार्जर मेलेला निघाला तरी पुढचा गाठता येईल. ॲपवर विसंबायचं नाही, माणसाला फोन करायचा. माझ्या मोबाईलमध्ये चार्जिंगची सात ॲप आहेत आणि प्रत्येकात थोडेथोडे पैसे अडकलेले आहेत. पण कामाला येतात ते चौकीदारांचे आणि हॉटेलवाल्यांचे नंबर. बाईमाणूस एकटी चालवत असेल तर त्यात आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात: रात्री तिथे दिवा असतो का, आणि संडास उघडा असतो का. ही माहिती कुठल्याच ॲपवर नाही.

मुक्कामाला पोहोचल्यावर सगळ्यात भरवशाचा चार्जर म्हणजे नातेवाईकाच्या घरातला पंधरा अँपियरचा प्लग. रात्रभर लावला तर दहा तासांत गाडी भरते. पण जेठांच्या घराचं वायरिंग जुनं, अर्थिंग नावाला. गाडीचा चार्जर अर्थिंग तपासतो, ते नसेल तर लाल दिवा दाखवून गप्प बसतो. शेवटी वायरमन बोलावून अंगणात अर्थिंगची सळई ठोकून घेतली आणि व्हरांड्यात जाड वायरचा स्वतंत्र पॉइंट काढला. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावू नका. तो तापतो आणि आग लागू शकते.

आता धोरणाकडे येऊ. राज्याच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात चार्जिंगसाठी चार महामार्ग निवडले होते: मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, नाशिक-पुणे आणि मुंबई-नागपूर. २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे, शिवाय राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं उद्दिष्ट आहे. चांगलं आहे. पण टोलमाफी नेमकी त्या रस्त्यांना, जिथे चार्जर टाकायला कंपन्या आपणहून येतात. टेंभुर्णीहून आत वळणाऱ्याला त्यातलं काय मिळालं? गाडीवर जीएसटी ५ टक्के आणि बाहेरच्या चार्जिंगवर १८. ज्याच्या सोसायटीत प्लग आहे तो घरगुती दराने भरतो. ज्याला सोसायटीने परवानगी दिली नाही, त्याने रोज हा १८ टक्क्यांचा भार उचलायचा. आणि दर २५ किलोमीटरला एक यंत्र उभं केलं, त्यातली अर्धी बंद राहिली, तरी उद्दिष्ट कागदावर पूर्ण होणारच. मोजायचंच असेल तर प्रत्येक चार्जर महिन्यातून किती तास चालू होता ते मोजा आणि जाहीर करा. अनुदान त्या तासांवर द्या.

दुसरी सूचना एसटीची. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर धावली. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच मार्गावर पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' सुटली. त्यानंतर महामंडळाने ५,१५० इलेक्ट्रिक बसगाड्यांचा करार केला. त्या बस किती आणि कधी आल्या, हा वेगळा लेख होईल. पण त्यांच्यासाठी आगारांमध्ये विजेची जोडणी आणि चार्जर उभे करावेच लागतात. एसटीची आगारं राज्यभर अडीचशेच्या आसपास आहेत, आणि ती जिथे आहेत तिथेच नेमके खाजगी चार्जर विरळ आहेत: बार्शी, औसा, निलंगा, उदगीर. तिथे दिवे असतात, रात्रपाळीचा माणूस असतो, कँटीन असतं, संडास असतो (कसा असतो ते सोडा).

आगाराच्या फाटकाबाहेर, बसच्या वाटेत न येता, एक-दोन चार्जर खाजगी गाड्यांसाठी ठेवायला काय हरकत आहे? महामंडळ कायम तोट्याची तक्रार करतं, त्याला हे उत्पन्न होईल. माझ्यासारखीला ॲपवरच्या हिरव्या ठिपक्याऐवजी चौकशीच्या खिडकीत बसलेला माणूस मिळेल, ज्याला "साहेब, मशीन चालू आहे का?" असं विचारता येतं. उदगीर आगारात मी हे विचारून आले. तिथले वाहतूक नियंत्रक हसले आणि म्हणाले, "मॅडम, आधी आमची इलेक्ट्रिक बस तर येऊ द्या."