संमेलनांतील फोटो बूथ

गेल्या नाताळांतील स्नेहसंमेलनाच्या वेळीं सभागृहाच्या दाराशीं जी गर्दी लोटली होती, ती नाटक पाहावयास नव्हे, तर एका टॅबपुढें उभें राहावयास होती, हें वाचकांस स्मरत असेलच. मागें निळा पडदा, पुढें तिवईवर टॅब, बाजूस कागदी मुकुटांची व मिशांची टोपली. बटण दाबावें, तीनपासून एकपर्यंत आंकडे उतरावे, कीं छबी तयार! कित्येक स्नेह्यांस हा प्रकार थिल्लर वाटला. आम्हांस तसें वाटत नाहीं.

कल्पना नवीही नाहीं. १९२५ सालीं आनातोल जोसेफो या सायबेरियांत जन्मलेल्या गृहस्थानें न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर असेंच एक यंत्र मांडिलें. २५ सेंट टाकले कीं सुमारें ८ मिनिटांत ८ चित्रें हातीं पडत, आणि लोक रांगा लावीत. आज आमच्या मुलांचीं चित्रें घरच्या मोबाइलांत शेंकडों असतात. भिंतीवर मात्र बहुधा एकही नसतें. छापून हातीं आलेल्या चित्राचें मुलांस जें अप्रूप वाटलें, तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

परंतु संमेलनानंतर आठव्या दिवशीं एक पालक आम्हांस भेटले व म्हणाले, “सर, आमच्या मुलीचा फोटो आमच्याकडे एकच आहे, तो आणखी कोणाकोणाकडे गेला?” चौकशीअंतीं कळलें कीं, आम्हीं फुकट मिळालें म्हणून घेतलेलें ॲप प्रत्येक चित्र परस्पर इंटरनेटवर साठवीत होतें, व ज्याच्या हातीं दुवा पडेल त्यास तीं सारीं पाहतां येत होतीं. त्या गृहस्थांस आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. २०२३ सालीं संसदेनें केलेल्या कायद्यानें १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून, तिच्या माहितीकरितां पालकांची संमति आवश्यक ठरविली आहे. पण कायदा नसता तरी त्या प्रश्नापुढें आमची मान खालीं गेलीच असती.

म्हणून कांहीं जण बूथच नको म्हणतात, तें आम्हांस मान्य नाहीं. यंदां संमति आगाऊ लेखी घ्यावी, टॅबचें इंटरनेट तोडावें, व चित्र टॅबमध्येंच राहील असें ॲप निवडावें. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापणारे लहान प्रिंटर स्वतःच्या वायरलेसवर चालतात. त्यांस इंटरनेट लागत नाहीं. छापील प्रत मुलाच्या हातीं द्यावी. ती पुढें कोणास धाडावयाची हें घरच्यांनीं ठरवावें. रात्रीं दोन शिक्षकांसमक्ष सर्व चित्रें पुसावीं. आयपॅडमध्यें पुसलेलीं चित्रेंही ३० दिवसांपर्यंत एका कप्प्यांत पडून राहतात, तेव्हां तो कप्पाही रिता करावा.

मांडणी नववीच्या मुलांकडे येणार आहे, म्हणून दोन शब्द. मुलांचीं तोंडें खिडकीकडे व टॅबची पाठ खिडकीकडे असावी. गेल्या खेपेस हें उलट झाल्यानें पहिल्या तासाचीं सर्व मुखें काळवंडलीं. तिवई पांचवीच्या मुलाच्या नजरेइतकी ठेवावी; उंच माणसांस वांकतां येतें, लहानांस वाढतां येत नाहीं. चार्जर लावलेलाच असावा, वायर पायांत येणार नाहीं अशी चिकटवावी, व पडदा आपोआप मिटण्याची सोय बंद करावी. शिवाय टॅब एकाच ॲपला जखडून टाकावा. आयपॅडवर ‘गाइडेड ॲक्सेस’ व अँड्रॉइडवर ‘ॲप पिनिंग’ म्हणतात तें हेंच. तें न केल्यानें गेल्या वर्षीं चौथाच मुलगा बूथमधून निघून क्रिकेटच्या खेळांत शिरला होता, व रांग खोळंबली होती.

त्या पालकांस आम्हीं ही सर्व योजना कळविली आहे. त्यांनीं संमतिपत्र अद्याप धाडलेलें नाहीं. आम्हीही घाई करीत नाहीं. दरम्यान टोपलींतील दोन मुकुट फाटले आहेत, ते हस्तव्यवसायाच्या वर्गानें नवे करून ठेवावे.