एक रुपयाचा दंड

आज 26 जून, राजर्षी शाहू महाराजांची जयंती. शाळांची घंटा नुकतीच वाजली आहे, वह्यापुस्तकांना कव्हरे घालून झाली आहेत. अशा वेळी महाराजांचा एक निर्णय पालकांनी आठवावा.

1917 मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मोलमजुरी करणाऱ्या घराला तेव्हा रुपया जड होता. पण राज्याने शाळा बांधली, मास्तर नेमले, तरी मुलाला उंबरठ्याबाहेर काढायचे ते घरानेच, हे महाराज जाणून होते. जिथे घराची ऐपत अपुरी पडे, तिथे त्यांनी वसतिगृहे उभी केली. पालकाला जाब विचारणारा हा राजा त्याला हातही देत होता.

2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. आज बहुतेक घरांतली मुले शाळेत जातात. फी, शिकवणी, रिक्षा यांसाठी आईबाप पोटाला चिमटा घेतात. त्या कष्टांचे मोल मोठेच आहे. तरीही पैशाने न भागणारी एक गरज उरते, ती आपल्या वेळेची.

त्यासाठी पालक पदवीधर असावा लागत नाही. मूल रोज एक पान मोठ्याने वाचत असेल, तर अक्षरओळख नसलेली आईही ते मन लावून ऐकू शकते. बाजारात भाजीचा हिशेब मुलाकडून करून घेता येतो. चुकलेल्या गणितावर ओरडण्याआधी ‘कसं केलंस, सांग बघू’ असे म्हणता येते. शेजारच्या मुलाचे गुण काढून आपल्या लेकराला खाली पाहायला लावणे मात्र आजपासून थांबवावे. त्याने कुणाचाही अभ्यास सुधारत नाही.

दुसरे काम घराबाहेरचे आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या सदस्य महिला असाव्यात, असे सांगितले. शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हा त्या समितीचा अधिकार आहे. तो रजिस्टरवरच्या सहीपुरता उरू नये. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, हे पालकांनी बैठकीत विचारायलाच हवे. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले गावातच राहून शिकावीत, म्हणून हंगामी वसतिगृहे चालतात. ती वेळेवर सुरू व्हावीत, यासाठी गावात राहणाऱ्या पालकांनी आवाज उठवावा. ज्यांचे आईबाप फडात आहेत, त्या लेकरांचे पालकत्व तेवढे दिवस गावाकडेच असते.

आज कुणी रुपया दंड वसूल करायला दारात येणार नाही. तेव्हा तो आपणच आपल्याला लावून घेऊ या. रोज अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून मुलाजवळ बसू या, आणि शाळेच्या बैठकीची एकही तारीख चुकवू नये. महाराजांना याहून चांगले अभिवादन नाही.